आईची भूक साडेबारापर्यंत थांबत नाही

पत्र थोडक्यात असं: छत्रपती संभाजीनगरच्या एका ताईंनी लिहिलंय. वय 41, नोकरी बँकेत, नवरा शेंद्र्याच्या कंपनीत, दोन पोरं. वडील वारल्यावर 72 वर्षांची आई परभणीकडच्या गावाहून यांच्याकडं राहायला आलीय. आई माळकरी, शुगरची गोळी चालू, गुडघे दुखतात, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. घरात रविवारी बाहेर ब्रंचला जायची पद्धत, आईलाही हौसेनं नेतात, पण चार ठिकाणं झाली आणि चारही वेळा बिघडलं. बफेत आईनं फक्त दहीभात खाल्ला. कॅनॉटच्या कॅफेत ती उंच स्टुलावर अवघडून बसली. हायवेवरच्या गार्डन हॉटेलात बाजेवरून उठवायला दोघं लागले. थाळीच्या हॉटेलात वाढपी वाढतच गेला, ताटात अन्न राहिलं आणि आई दिवसभर हळहळत बसली. शेवटच्या वेळी ती टेबलावर म्हणाली, "घरीच दोन भाकरी टाकल्या असत्या की." त्यावर या ताई सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडल्या. नवरा म्हणतो, त्यांना खिचडी लावून घरीच राहू दे, कशाला त्रास. ताई विचारतात, या वयाच्या माणसाला नेमकं कसलं हॉटेल निवडावं, की नेऊच नये?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी त्या दहीभातापाशी थांबले. तुम्ही लिहिलंय, "एवढे पदार्थ होते आणि हिनं दहीभात घेतला, मुद्दाम." हे मुद्दाम मला पटलं नाही. बफेत शेजारी शेजारी झाकणं असतात, एकात पनीर, दुसऱ्यात चिकन, आणि एका झाकणातला डाव दुसऱ्यात गेलेला तुमच्या आईनं पाहिला असेल तर गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईनं अजून काय घ्यायचं? समोर जे दिसत होतं त्यातलं खात्रीचं तेवढं तिनं घेतलं, तुम्हाला न सांगता, तुमचा रविवार खराब होऊ नये म्हणून. मला तरी त्यात हट्ट दिसला नाही.

आणि ते भाकरीचं वाक्य. तुम्हाला तो टोमणा वाटला, पण आपल्याकडच्या आयांच्या तोंडात हे वाक्य कितीदा येतं बघा. कुणी दमून आलं की दोन भाकरी टाकते, पाहुणा आला की दोन भाकरी टाकते, पोरगी रडत आली तरी पहिलं तेच. तिच्याकडं द्यायला जे आहे ते ती देऊ करत होती असं मला वाटतं. तुमच्याकडं आल्यापासून स्वयंपाकघर तुमचं, बाजार तुमचा, गॅसची शेगडी पण तिच्या सवयीची नाही, आणि रविवारी तर सगळेच बाहेर खाणार, मग तिनं करायचं काय?

आता हॉटेल. पण हॉटेलाच्या आधी घड्याळ, कारण मला वाटतं तुमची अर्धी भांडणं तिथंच आहेत.

ब्रंच हा शब्द 1895 साली इंग्लंडमधल्या एका साप्ताहिकात पहिल्यांदा छापून आला असं मानतात, ब्रेकफास्ट आणि लंच जोडून केलेला. तिथं त्याचं कारणही दिलं होतं, की शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला रविवारी सकाळी उठायची घाई नको. म्हणजे उशिरा उठणाऱ्यांसाठी काढलेलं जेवण. तुमची आई उठते पाचला. तुमच्याच पत्रात आहे की तुम्ही उठेपर्यंत तिची आंघोळ, पूजा, हरिपाठ सगळं उरकलेलं असतं. मग सहाला चहा, आणि "आज बाहेर खायचंय, काही खाऊ नको" असं तुम्ही सांगता म्हणून ती बसून राहते, पोरांची आंघोळ, तुमची तयारी, पार्किंग, टेबल मिळेपर्यंत साडेबारा. तोवर तिची भूक मरून गेलेली असते. भूक मरणं ही काही बोलायची पद्धत नाही हो, म्हाताऱ्या माणसाचं खरंच तसं होतं, वेळ टळली की मग समोर काहीही ठेवा, दोन घास जातात आणि बास.

गंमत म्हणजे हेच जेवण तिच्या आयुष्यात होतं, नुसतं नाव वेगळं. न्याहारी. गावाकडं दहाच्या सुमाराला फडक्यात भाकरी बांधून, वर कोरड्यास, कांदा, शेंगदाण्याची चटणी घेऊन ती रानात गेलीच असणार, तुमच्या वडिलांना आणि गड्यांना वाढून मग बांधावर बसून स्वतः खाल्लं असणार. चाळीस-पन्नास वर्षं पोटाला ती वेळ माहीत आहे. तुम्ही फक्त रविवार अडीच-तीन तास अलीकडं ओढा, साडेनऊ-दहाला टेबलावर बसा, चार हॉटेलांपैकी एखादं त्याच वेळेला परत करून बघा, फरक दिसेल. पोरं कुरकुरतील, एखाद्या रविवारी कुरकुरू द्या.

शुगरचं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, मला ते ओझरतं वाटत नाही. शुगरच्या काही गोळ्या जेवणाच्या आधी घ्यायच्या असतात, आणि तसली गोळी घेऊन जेवण लांबलं तर शुगर खाली जाऊ शकते. घाम येतो, हात थरथरतात, गरगरतं, माणूस चिडचिड करतो नाहीतर एकदम गप्प होतो. तुम्ही लिहिलंय "हॉटेलात गेलं की आईचं तोंड उतरतं." दरवेळी ते नाराजीनंच उतरतं का? पुढच्या वेळी तसं झालं तर आधी ग्लुकोमीटरवर बघा. 70 च्या खाली आकडा असेल आणि ती नीट गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, आणि मग जेवण. तिच्या गोळ्या कोणत्या आणि रविवारी वेळ बदलली तर काय करायचं हे डॉक्टरांना एकदा चिठ्ठीवर लिहून मागा. गोळीची वेळ आपल्या मनानं पुढं-मागं करू नका.

आता जे मला पत्रात सगळ्यात जास्त जाणवलं ते. तुम्ही गृहीत धरलंय की आईला बाहेर खायला नेणं म्हणजे तिला सुख देणं. तुमच्या-माझ्या पिढीसाठी ते खरंय. तिच्या पिढीच्या बायका आपल्याकडं हॉटेलात कधी गेल्या हे आठवून बघा. बसस्टँडवरची हॉटेलं पुरुषांची, बाई बाहेर खायची ती कामाला जोडून, बाजाराला गेलं तर, दवाखान्यात कुणी ॲडमिट असलं तर, कोर्टाची तारीख असली तर, नाहीतर देवाला गेलं तर. नुसतं खायला म्हणून घराबाहेर पडायचं, तेही घरात धान्य-भाजी असताना, हे त्यांना अवघडच वाटतं, घरात चूल पेटत नाही का असं कुणी म्हणेल याची भीती अजून कुठंतरी असते.

मग तिला कारण द्या ना. तुमची आई माळकरी आहे, पैठण तुमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. रविवारी सकाळी साडेसहाला निघा, नाथांच्या समाधीचं दर्शन घ्या, आणि येताना साडेनऊ-दहाला रस्त्यात नाहीतर शहरात शिरल्यावर खा. किंवा वेरूळला घृष्णेश्वर, ते तर तीसेक किलोमीटरच. फक्त श्रावणात आणि नाथषष्ठीच्या दिवसांत गर्दीमुळं हा बेत करू नका, रांगेतच तिचे गुडघे जातील. देवाहून येताना हॉटेलात बसलेली तुमची आई आणि घरातून थेट बफेला आणलेली तुमची आई, या दोन वेगळ्या बाया असतील बघा. पोरांना कंटाळा येईल म्हणाल तर दर रविवारी नाही, महिन्यातून एकदा.

दुसरी अवघड जागा म्हणजे पैसे, आणि इथं तुम्ही काहीच लिहिलं नाही म्हणून मला जास्त शंका आली. बिल कोण देतं? जावई. आपल्या भागात जावयाचं काय असतं हे वेगळं सांगायला नको, दर तीन वर्षांनी अधिकमास आला की कर्ज काढून का होईना धोंड्याचं जेवण करतात, जावयाला चांदीचं काहीतरी, लेकीला साडी. ज्या जावयाला जन्मभर वाढायचं, त्यानं हजार-दीड हजार रुपये आपल्या एका ताटाला दिलेले त्या बाईच्या घशाखाली कसे उतरतील? जुनी माणसं तर लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घेत नव्हती. तुम्ही म्हणाल आता कोण मानतं हे. ती मानत असेल आणि तुम्हाला सांगत नसेल.

काही जण सांगतात की म्हाताऱ्यांना खोटं सांगावं, ऑफर होती, कूपन होतं, ऑफिसनं दिलं. मला नाही आवडत हे. जिनं दुष्काळात घर चालवलं, किराणाची उधारी वहीत मांडून ठेवली, तिला काय कळत नाही का. त्यापेक्षा बिल आकड्यासकट सांगा, आणि एखाद्या रविवारी तिला देऊ द्या. वडिलांमागं तिला पेन्शन असेल, शेताचा बटईचा वाटा येत असेल, काहीतरी तिचं स्वतःचं असेलच. "आई, या रविवारी तू चार, पोरांना" असं म्हणून बघा. हॉटेल मग तिच्या खिशाला झेपेल असंच घ्यायचं, इडली-डोशाचं साधं. आणि ती पैसे काढायला लागली की "राहू दे गं" म्हणत मध्ये हात घालू नका, जावयालाही आधी सांगून ठेवा. बिल आलं की एवढं बघा की त्यात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला नाही ना, तसा तो लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय आणि दिल्ली हायकोर्टानं 2025 मध्ये ते उचलून धरलंय. लावला असेल तर काउंटरवर जाऊन शांतपणे काढून घ्या, तिच्यासमोर हुज्जत नको.

आमच्या घरचं सांगते. आम्ही आईला बाई म्हणायचो. अंबाजोगाईकडून लातूरला तिच्या डोळ्यासाठी खेपा चालायच्या, आणि दरवेळी ती घरून दशम्या बांधून आणायची, दवाखान्याच्या पायरीवर बसून खायची. एकदा दशम्यांचा डबा एसटीतच राहिला. मी तिला बळंच एका उडप्याच्या हॉटेलात नेलं, तिचं "मला काय नको, तू खा" चालूच होतं. मी मसाला डोसा मागवला आणि मध्ये ठेवला. तिनं आधी बोटानं तो दाबून बघितला, कडकडीत आहे म्हटल्यावर हात मागं घेतला, दात नव्हते ना खालचे. मग मधली मऊ बाजू उलगडून आतली बटाट्याची भाजी निघाल्यावर म्हणाली, "अगं हे तर आपलंच हाय, वरून कागद गुंडाळलाय." सांबारात बुडवून बुडवून सगळा खाल्ला. पुढच्या खेपेला दशम्या नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाली, आज वेळ नाही झाला. साठी जवळ आलेली होती तिची आणि ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागवत होती.

म्हणून मला त्या चुलीवरच्या भाकरीच्या हॉटेलांबद्दल बोलायचंय. तुमचं ते बाजेवालं हायवेचं हॉटेल त्यातलंच असावं. आपल्याला वाटतं म्हातारी माणसं, गावची माणसं, त्यांना पिठलं-भाकरीच आवडणार, कंदील, बैलगाडीचं चाक, मातीच्या भिंती बघून आई खुश होईल. जिनं चाळीस वर्षं ओल्या पळाट्या फुंकून डोळ्यांत धूर घेतला तिला चुलीचं काय कौतुक? आणि तिच्यासारखी भाकरी तिथं कुणाला येतेय, ती पहिल्या घासाला ओळखते की पीठ शिळं आहे. काहींना आवडतं, मी नाही म्हणत नाही, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. जे घरी होत नाही ते तिला खाऊ घाला. ढोकळा, मऊ उत्तप्पा, दोन चमचे आईस्क्रीम सगळ्यांच्यात मिळून.

तसंच ते सपकचं. वय झालं की सपक द्यावं असं आपण ठरवूनच टाकतो आणि वेटरला सांगतो, तिखट कमी. वयानुसार जिभेची आणि नाकाची जाण कमी होते, काही औषधांनी तोंडाला वेगळीच चव येते, म्हणून त्यांना उलट सगळं बेचव लागतं. येसराच्या आमटीवर वाढलेली बाई ती, तिला क्रीम घातलेली पिवळी भाजी कशी जाईल. बीपी असेल तर मीठ जपायचं, पोट नाजूक असेल तर तेल-तिखट जपायचं, पण आलं, लिंबू, कोथिंबीर, जिऱ्याची फोडणी याला कुणाची ना नाही. आणि चातुर्मास चालू असेल, एकादशी असेल, चतुर्थी असेल तर निघायच्या आधी कॅलेंडर बघा, कांदा-लसूण चालतं का ते विचारा. हॉटेलात बसल्यावर कळलं की मग तिला दहीभातच उरतो.

बसायची जागा हे मी खाण्याच्या बरोबरीनं मोजते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली रुतणारा सोफा, उंच स्टूल, बाज, भारतीय बैठक यातलं काहीच नको. साधी लाकडी खुर्ची, पाठ असलेली, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे असलेली. तुम्ही स्वतः एकदा करून बघा, दोन्ही हात छातीशी बांधून सोफ्यावरून उठा, मग कळेल आई "बसते की मी इथंच, तुम्ही या जाऊन" कशाला म्हणते. बफेचं तेच दुखणं, हातात जड प्लेट, दुसऱ्या हातानं झाकण उचलायचं, मागं रांग, फरशी गुळगुळीत. म्हातारं माणूस नेत असाल तर माझं मत स्पष्ट आहे, बफे नको. जेवढे पैसे भरले तेवढं खाल्लं पाहिजे हा विचार त्या पिढीला चैन पडू देत नाही. थाळी चालेल, पण वाढप्याला बसल्या बसल्या बाजूला बोलावून सांगा की आजींना एकेकच, आणि त्यांनी हात आडवा केला की थांबायचं. ताटात टाकलेलं अन्न तिच्यासाठी पाप आहे, तिची ती हळहळ खरी होती.

बाथरूम. हे कुणी बोलत नाही म्हणून मी मोठ्यानं बोलते. आपल्या आया बाहेर जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. तिथं सोय कशी असेल, किती लांब असेल, कडी लागेल का, खाली बसावं लागेल का, ओलं असेल का, कुणाला विचारायचं, या सगळ्यापेक्षा पाणीच नको. मग त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या पार, आणि वरून वयानं तहान तशीही कमी लागते, मग चक्कर येणार नाही तर काय. तर हॉटेल ठरवायच्या आधी तुम्ही एकट्या तिथं जाऊन चहा प्या आणि बाथरूम बघून या. कमोड आहे का, धरायला काही आहे का, मध्ये पायऱ्या किती, तळघरात तर नाही ना. आणि गेल्यावर बसायच्या आधीच तिला म्हणा, "चल, मी पण जातेय." तिला विचारायला लावू नका. एवढं एक केलंत तरी ती पाण्याचा ग्लास उचलेल.

आवाजाचं थोडक्यात. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, त, फ असली अक्षरं निसटतात, आणि लहान पोरांचे आवाजही त्यातच येतात. त्यात स्पीकर चालू असला की तिला टेबलावरचं काहीच लागत नाही, ती नुसती हसून मान हलवत बसते आणि आपल्याला वाटतं तिचं लक्ष नाही. भिंतीकडं पाठ करून कोपऱ्यातली जागा मागा, स्पीकर आणि किचनच्या दारापासून लांब, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी. एसीची हवा थेट डोक्यावर नको. मेनू हल्ली मोबाईलवर स्कॅन करून बघायचा असतो, तो तिच्या हातात देऊन "सांग काय पाहिजे" म्हणणं म्हणजे तिला परीक्षेला बसवणं झालं. छापील कार्ड मागा, तुम्ही वाचा, आणि दोनच पर्याय सांगा, मऊ उत्तप्पा सांगू का इडली सांगू? "काही पण चालेल" म्हणाली तर तिसऱ्यांदा विचारू नका, एक सांगून टाका.

इतर गावांतूनही अशी पत्रं येतात म्हणून सांगते. लातूर, नांदेड, परभणी, बीडला ब्रंच असा बोर्ड नसला तरी काही अडत नाही, सकाळी नऊला गरम इडली-वडा, पोहे, पुरीभाजी देणारं स्वच्छ हॉटेल प्रत्येक गावात आहे, आणि त्या वेळेला ते रिकामंही असतं. कुणाच्या वडिलांना व्हीलचेअर असेल तर फोनवर "सोय आहे का" एवढंच विचारू नका, सगळे हो म्हणतात. दारात पायऱ्या किती, गाडी दारापर्यंत येते का, बाथरूमच्या दारातून खुर्ची जाईल का, असं नेमकं विचारा. लग्नसराईत दाट तिथीच्या रविवारी गार्डन हॉटेलं वऱ्हाडानं भरलेली असतात, तो दिवस टाळा. कवळी असलेल्यांना कडक वडा, पापड, पिझ्झ्याची कड नको. खाताना ठसका लागतो, अन्न घशात अडकतं असं वारंवार होत असेल तर आधी डॉक्टर, हॉटेल नंतर. आणि थंडीत हुरड्याला जाणार असाल तर जरूर न्या, आगटीभोवती बसून कोवळी ज्वारी तिला जशी कळते तशी आपल्या कुणाला कळत नाही, फक्त खुर्ची लागेल हे शेतवाल्याला आदल्या दिवशी सांगा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, की नेऊच नये का. हे मी कशी ठरवणार, आणि खरं म्हणजे तुम्ही आणि तुमचे मिस्टर तरी कसे ठरवणार? तुम्ही दोघं बोललात, मला लिहिलंत, पण पूर्ण पत्रात तिला विचारल्याचं कुठं दिसलं नाही. विचाराल तेव्हा रविवारी सगळे बूट घालत असताना नको. एखाद्या संध्याकाळी ती मेथी निवडत बसली असेल तेव्हा शेजारी बसा, दोन काड्या तुम्ही पण निवडा. "येतेस का नाही" असं विचारलंत तर ती "तुमची इच्छा" म्हणेल आणि विषय संपेल. "आई, तू आणि बाबांनी कधी बाहेर खाल्लं होतं का गं?" असं काहीतरी विचारा. कुठल्या जत्रेतली भजी, कुठल्या बाजारातली जिलबी निघेल. वडील जाऊन वर्षच झालंय हेही लक्षात असू द्या, सगळे जोडीनं बसलेल्या टेबलावर तिच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे हे तिला दिसत असणार, ते ती बोलणार नाही.

आणि ती "नको" म्हणाली तर ते खरं माना. मिस्टरांचं खिचडीचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही, फक्त ते तिच्या तोंडून यायला पाहिजे. एक रविवार पोरांचा, तिला ज्या वेळेला जेवायचं त्या वेळेला घरी जेवू द्या, तुम्ही जाऊन या. दुसऱ्या रविवारी तिच्या वेळेनं, तिच्या देवाच्या वाटेवर. पण या सगळ्याच्या आधी मी तुम्हाला सांगेन की एकदा तुम्ही दोघीच जा. पोरं नाहीत, जावई नाही, स्कूटरवर नको, रिक्षानं, जवळच. साडेनऊला. नवरा-पोरं सोबत असली की ती सासूबाई असते, आजी असते, तुम्ही बायको असता, मम्मी असता. दोघीच असलात की ती काय बोलेल, काय मागवेल, हे तुम्हाला माहीत नाही, वीस वर्षांत तुम्ही दोघी अशा बसलाच नसाल.

ओरडलात त्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, "नंतर मी तिला साडी आणली पण ती काही बोलली नाही." साडी राहू द्या. तिच्यापाशी बसून "आई, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, चुकलं माझं" एवढं म्हणा, रिक्षात म्हणालात तरी चालेल. ती "जाऊ दे बाई, काय त्यात" म्हणेल. तरी म्हणा.

निघताना तिची गोळ्यांची चिठ्ठी, पाण्याची बाटली आणि पर्सच्या बाजूच्या कप्प्यात साखरेची पुडी ठेवा. आणि तिनं काय मागवलं ते मला लिहून कळवा, मी वाट बघते.